तीस डिग्रीची खूण

आमच्या व्हॅनला रेडिएटर नाही, हे नाशिकमध्ये पेट्रोल पंपावर, सिग्नलला, लग्नाच्या हॉलच्या पार्किंगमध्ये, सगळीकडे सांगावं लागतं. "ताई, मग पाणी कुठं टाकता?" टाकतच नाही. मागच्या बाजूला पट्ट्यावर फिरणारा पंखा आहे. तो पत्र्याच्या खोक्यातून सिलिंडरच्या फिन्सवर हवा मारतो, आणि उरलेली उष्णता तेल घेऊन जातं. एवढ्यावर भागतं, आणि सगळं जागच्या जागी असेल तर चांगलं भागतं. पण उष्णता जरा वाढली तर ती जिरवायला या इंजिनाकडे पाण्याचा साठा नाही. त्यामुळे पाण्याच्या इंजिनात चार-पाच डिग्री इकडेतिकडे झालेलं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, एक वेळ खपून जातं, इथं खपत नाही.

गाडी फोक्सवॅगनची टाइप टू, 1972 ची, समोर एकच मोठी काच असलेली. मामांनी हौसेनं घेतली, त्यांचे गुडघे थकल्यावर माझ्याकडे आली. आत पलंग, छोटं सिंक, गॅसची एक शेगडी. मागे 1584 सीसीचं इंजिन, दोन सिलिंडर उजवीकडे आणि दोन डावीकडे, आडवे. मुळात हे बीटलचंच इंजिन. बीटल मेक्सिकोत 2003 पर्यंत बनत होती, आणि ब्राझीलमध्ये ही व्हॅन 2013 पर्यंत निघत होती, अगदी शेवटची काही वर्षं पाण्याच्या इंजिनावर. त्यामुळे पन्नास वर्षांच्या गाडीचे पॉइंट, रोटर, गॅस्केट आजही नवे मिळतात. मागवायला वेळ लागतो, पण मिळतात. तेवढ्यासाठी तरी या गाडीला जुनी म्हणून अडगळीत टाकवत नाही.

दुखणं सुरू झालं ते गॅरेजमधून आणल्यावर. सकाळी स्टार्टिंगला त्रास होता, मध्येच मिसिंग व्हायचं, म्हणून द्वारकेच्या बाजूला एका गॅरेजला दिली. तिथल्या उस्तादांनी पॉइंट, म्हणजे उघडला की ठिणगी पाडणारा संपर्क, बदलले, डेल्को, म्हणजे चारही सिलिंडरना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, सैल करून इकडे-तिकडे फिरवला, इंजिन सगळ्यात जोरात आणि गोल वाजायला लागलं तिथं नट आवळला. "ऐका ताई, कसं बोलतंय." बोलत होतं खरं. गंगापूर रोडवर पिकअप असा की मागचे रिक्षावाले मागेच. पण मुंबईहून परत येताना कसारा घाटात तिसऱ्या गिअरला तेलाच्या तापमानाचा काटा 110 वरून चढत चढत 125 च्या पुढं गेला. हा काटा मामांनी नंतर बसवून घेतलेला, कंपनीनं तो दिलाच नव्हता. इगतपुरीत गाडी बाजूला घेतली, मागचं झाकण उघडलं तर गरम पत्र्याचा आणि तेलाचा वास.

उस्तादांचा कान खोटा नाही, हे आधी सांगते. त्या कानावर ॲम्बेसेडर आणि फियाटच्या दोन पिढ्या चालल्या आहेत. त्या गाड्यांना टायमिंग लावायची पद्धत अशी: डेल्को थोडा पुढं घ्यायचा, टॉप गिअरला चढावर दाबायची, इंजिन नॉक करायला लागलं, म्हणजे डब्यात खडे खुळखुळावे तसा आवाज आला, की थोडा मागं घ्यायचा. झालं. तिथं नॉकिंग ऐकू येतं, कारण इंजिन पुढं आहे, पाण्याच्या जॅकेटमध्ये आहे आणि पंखा लहान आहे. आमच्या व्हॅनमध्ये इंजिन ड्रायव्हरपासून तीन मीटर मागं, मध्ये पलंग, भांडी, सिंक, आणि पंखा एवढा मोठा की तीन हजार आरपीएमला त्याचाच घों-घों आवाज सगळं गिळून टाकतो. नॉकिंग होत असलं तरी ते कुणाला ऐकू येणार? ते ऐकू येईपर्यंत पिस्टनचं डोकं गेलेलं असतं. म्हणून या इंजिनाला कान पुरत नाही, डिग्री मोजाव्या लागतात. आणि त्या मोजायच्या तर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद चालू असताना, मोजून चालत नाही, का ते पुढं येईलच.

थोडक्यात मामला असा. पिस्टन टोकाला पोचायच्या आधीच ठिणगी पडावी लागते, कारण पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला जळायला वेळ लागतो. इंजिन जोरात फिरायला लागलं की तेवढ्याच वेळात क्रँक, म्हणजे पिस्टननी फिरवलेला इंजिनाचा मुख्य दांडा, जास्त फिरतो, म्हणून ठिणगी आणखी आधी पाडावी लागते. हे काम डेल्कोच्या पोटातली दोन वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला पुढं ढकलतात. एका वेगानंतर वजनं टोकाला टेकतात, मग कितीही रेस करा, टायमिंग पुढं जात नाही. ते टोक म्हणजे पूर्ण ॲडव्हान्स. ठिणगी फार उशिरा पडली तर गाडी मरगळते आणि एक्झॉस्ट तापतो. फार लवकर पडली तर पिस्टन अजून वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर स्फोटाचा दाब बसतो. डोकं तापतं, नॉकिंग होतं, आणि घाटात तेलाचा काटा चढतो.

आमच्या इंजिनावरचा डेल्को मूळचा नाही. कधीतरी कुणीतरी बॉशचा 009 बसवला. तो फक्त वजनांवर चालतो, इंजिनाच्या हवा ओढण्याच्या जोरावर टायमिंग बदलणारी व्हॅक्यूमची नळी त्याला नाही. जगभर हजारो व्हॅनना हाच लावलेला सापडतो, स्वस्त आणि साधा म्हणून. त्याला लावायचा आकडा म्हणजे टीडीसीच्या (टॉप डेड सेंटर, पिस्टन टोकाला पोचतो ती जागा) आधी 28 ते 32 डिग्री, तोही पूर्ण ॲडव्हान्सला, साधारण तीन-साडेतीन हजार आरपीएमवर. आयडलला तो किती दाखवेल हे त्याच्या स्प्रिंगवर ठरतं, आणि जुन्या स्प्रिंगा सारख्या नसतात. एक सूचना इथंच देऊन ठेवते, कारण यात लोक इंजिनं घालवतात: आकडा डेल्कोचा असतो, इंजिनाचा नव्हे. याच काळातल्या काही इंजिनांवर दोन व्हॅक्यूम नळ्यांचा डेल्को होता आणि त्याचं टायमिंग आयडलला, नळ्या जोडलेल्या ठेवून, टीडीसीच्या नंतर 5 डिग्री लावायचं असतं. तो आकडा 009 ला लावला तर गाडी चढणारच नाही, आणि 009 चा आकडा त्याला लावला तर इंजिनाची राख. डेल्कोच्या अंगावरचा नंबर वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका सातपूरच्या मायकोत टूलरूममधून निवृत्त झाले. कंपनीचं नाव आता बॉश झालं, नाशिककर अजून मायकोच म्हणतात आणि चौकही मायको सर्कलच राहिला. काकांनी आयुष्यभर डिझेलच्या नोझल पाहिल्या, जिथं सुई आणि बॉडीमधली जागा काही मायक्रॉनची असते. माझ्या डेल्कोवर बॉशचा शिक्का बघून त्यांना फार आनंद झाला. मग त्यांनी रोटर, म्हणजे डेल्कोच्या शाफ्टवरचा फिरता तुकडा, धरून शाफ्ट आडवा हलवून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "अगं, हा हलतोय की. बुश गेलाय याचा थोडा." बुश म्हणजे शाफ्टला धरणारी कडी. झीज थोडीच होती, चालण्यासारखी. शाफ्ट फार हलत असेल तर पॉइंटची गॅप दर ठिणगीला बदलते आणि कितीही नीट लावा, टायमिंग जागेवर राहत नाही. ते आधी बघून घेणं शहाणपणाचं.

"पण मला सांग, तू डिग्री मोजणार कशावर?" काकांचा दुसरा प्रश्न. क्रँकच्या पुलीवर एक खाच होती. उस्तादांनी आणि बहुधा त्यांच्या आधीच्या सगळ्यांनी ती टीडीसीची धरली. काका म्हणाले, "कुणी सांगितलं? पुली कुठली आहे हे तरी माहितीये का?" माहिती नव्हतं. या इंजिनांच्या पुल्या वर्षागणिक बदलत गेल्या. कुणावर एक खाच, कुणावर दोन, कुणावर तीन, आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा. पन्नास वर्षांत पुली बदललेली असणं अगदी शक्य. म्हणजे खाच हा पुरावा नव्हे, आधी टीडीसी स्वतः शोधायची.

त्याची पद्धत मला या सगळ्या कामात सर्वांत आवडली. एक जुना प्लग घ्यायचा, त्याचं पांढरं चिनी मातीचं पोट फोडून काढायचं आणि आत एक बोल्ट बसवायचा, इतका लांब की तो पिस्टनला टोकाच्या थोडं आधीच अडवेल. काकांच्या ओळखीनं अंबडच्या एका लेथवाल्यानं चहा संपायच्या आत करून दिला, टोक गोल घासून, म्हणजे पिस्टनला ओरखडा नको. चारही प्लग काढले, म्हणजे कॉम्प्रेशन नाही आणि इंजिन हातानं फिरतं. एक नंबरच्या भोकात हा अडसर लावला. एक नंबरचा सिलिंडर म्हणजे मागून बघताना उजव्या हाताचा, गाडीच्या तोंडाकडचा. तिथला प्लग पत्र्याच्या मागे आहे, बोटांनीच शोधावा लागतो. मग पंख्याच्या पुलीच्या नटाला 21 चा पाना लावून, पट्टा हातानं दाबून, इंजिन सावकाश फिरवलं. पिस्टन अडसराला टेकल्याचं हाताला कळतं. तिथं जोर लावायचा नाही. इंजिनाच्या दोन अर्ध्या कवचांचा सांधा पुलीच्या बरोबर वर येतो, त्या सांध्यासमोर पुलीवर पेन्सिलची रेघ मारली. मग उलट्या दिशेनं फिरवत पुन्हा टेकेपर्यंत, दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये टीडीसी. गणित नाही, यंत्र नाही, वादाला जागा नाही. आडव्या इंजिनात टॉप म्हणजे वर नव्हे, बाहेरच्या टोकाला, पण ते इथं बाजूला ठेवू.

आता डिग्री. काकांनी कागदाची लांब पट्टी पुलीभोवती गुंडाळली, एक पूर्ण वेढा झाला तिथं ब्लेडनं कापली. पट्टी निम्मी दुमडली, परत निम्मी, मग तीन भागांत. बारा घड्या. वर्तुळ 360 डिग्रीचं, म्हणजे एक घडी 30 डिग्रीची. आमच्या पुलीवर ती 46 मिलिमीटरच्या आसपास आली. त्याच घडीचे परत चार भाग केले की एक भाग साडेसात डिग्री, तोही पुढं उपयोगी पडतो. टीडीसीच्या रेघेपासून उजवीकडे एक घडी मोजून तीस डिग्रीची खूण केली. उजवीकडेच, कारण मागून बघताना पुली घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते, म्हणजे टीडीसीच्या आधी सांध्यासमोरून जाणारी खूण टीडीसीच्या रेघेच्या उजव्या हाताला असते. टीडीसीला पांढरी नेलपॉलिश, तीसला लाल. भाचीनं दिलेली ही लाल नेलपॉलिश तिच्या नखांवर दोन दिवस टिकत नाही, पुलीवर तेल-धुळीत टिकून आहे.

आणि जुनी खाच? ती टीडीसीच्या उजवीकडे बरोबर एक छोटी घडी, म्हणजे साडेसात डिग्रीवर निघाली. तिला टीडीसी धरून कुणी तिथून तीस मोजले असते, तर खरे साडेसदतीस झाले असते.

काही हलवायच्या आधी आहे ते मोजून घ्यायचं ठरवलं. अडसर काढला, प्लग परत लावले, संध्याकाळ होऊ दिली. टायमिंग लाइट भर उन्हात दिसत नाही, आणि मार्चातलं नाशिकचं ऊन माहितीच आहे. लाइटच्या दोन वायरी बॅटरीला, जी या व्हॅनमध्ये इंजिनाच्या शेजारीच असते, आणि चिमटा एक नंबरच्या प्लगच्या वायरवर. एक नंबरला ठिणगी पडली की लाइट चमकते आणि फिरणारी पुली तेवढ्यापुरती थांबल्यासारखी दिसते. ओढणी, बांगड्या, मोकळे केस, सगळं आधी आवरून घ्यायचं. पट्टा आणि पंखा हातभर अंतरावर फिरत असतात. गाडी उघड्यावर ठेवायची, बंद पार्किंगमध्ये नाही. आणि आग विझवायचा सिलिंडर जवळ. हे उगीच म्हणून नाही: या इंजिनाचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे, ते पेटलं तर पाण्यानं विझत नाही. पेट्रोलची रबरी नळी त्याच्या डोक्यावरूनच जाते. पंपावर ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आल्यापासून मी त्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या लावून घेतल्या. जुन्या रबराचं त्यापुढं काही खरं नाही.

आमचा भाचा पुढं ॲक्सिलरेटरवर आणि मी मागं, असं करून बघितलं. त्याला "वाढव" आणि "बास" यातला फरक पंख्याच्या आवाजात ऐकू येईना. मग कार्ब्युरेटरची थ्रॉटलची दांडी मीच हातानं ओढली, ते बरं. आयडलला लाल खूण सांध्याच्या उजवीकडं, वेग वाढत गेला तशी ती डावीकडे सरकत सांध्यापाशी आली, सांधा ओलांडला आणि जवळजवळ 15 मिलिमीटर डावीकडे थांबली. आणखी रेस केली तरी तिथंच. म्हणजे? लाल खूण अजून सांध्यापर्यंत पोचलेली नाही आणि ठिणगी पडून मोकळी. पंधरा मिलिमीटर म्हणजे दहा डिग्री. तीसच्या जागी चाळीस! काका चष्मा वर करून बराच वेळ बघत होते. "यात कसारा चढलीस तू?"

उस्तादांच्या हातून हे का झालं ते आता कळतं. आयडलला टायमिंग पुढं घेतलं की इंजिन जोरात आणि गोड वाजतं, कुठल्याही पेट्रोल इंजिनाचा हाच स्वभाव. ते सगळ्यात गोड वाजलं तेव्हा आयडलला अठराच्या घरात होतं, वर वजनांचे बावीस. हे इंजिन साडेसातला एक अशा कमी कॉम्प्रेशनचं आहे म्हणून एवढं सोसलं.

यानंतरची कामं क्रमानंच करायची असतात, कारण प्रत्येक पुढची गोष्ट मागचीवर उभी आहे. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, अगदी थंड इंजिनावर, रात्रभर उभी असलेल्या गाडीला सकाळी चहाच्या आधी. फिलर गेज 0.15 मिलिमीटर. पट्टी जाताना हलकं घासलं पाहिजे, अडकता कामा नये. तीन नंबरचा एक्झॉस्ट घट्ट निघाला, अपेक्षेप्रमाणे. या प्रकारच्या इंजिनांत तीन नंबरला नेहमी जास्त सोसावं लागतं, कारण जुन्या मांडणीत ऑइल कूलर पंख्याच्या खोक्यात त्याच्या हवेच्या वाटेत उभा असतो. कंपनीनं नंतर कूलर बाजूला नेला. त्याचा प्लगही इतर तिघांपेक्षा पांढरट होता. घट्ट झालेला व्हॉल्व्ह नीट टेकत नाही, टेकला नाही तर थंड होत नाही, आणि मग त्याचं डोकं तुटतं. टायमिंगच्या नादात टॅपेट विसरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग पॉइंट. रोटर काढला, कॅमचं टोक पॉइंटच्या टाचेवर आणून 0.4 मिलिमीटर गॅप. डेल्कोचं ढुंगण पत्र्याकडे आणि स्क्रू आतल्या बाजूला, त्यामुळे निम्मं काम आरशात बघून. स्क्रू आवळताना गॅप हमखास हलते, म्हणून आवळल्यावर परत मोजायची. मीटरला ड्वेल, म्हणजे पॉइंट बंद राहतो तेवढा कोन, 48 डिग्री आला, 44 ते 50 मध्ये हवा. हे टायमिंगच्या आधीच का? गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग पुढं जातं. कमी झाली की मागं. टायमिंग आधी लावून मग गॅपला हात लावला की केलेलं सगळं वाया. कॅमवर थोडं ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं. जास्त लावलं तर उडून पॉइंटच्या तोंडावर बसतं.

इंजिन बंद ठेवून पहिलं टायमिंग साध्या बारा व्होल्टच्या बल्बवर लावलं. बल्बची एक वायर कॉइलच्या 1 नंबरच्या टर्मिनलला, जिथं पॉइंटची हिरवी वायर येते, दुसरी अर्थला. पुली फिरवून साडेसातची खूण, म्हणजे तीच जुनी खाच, सांध्यासमोर आणली. ती सांध्यासमोर दोन फेऱ्यांत दोनदा येते, एकदा एक नंबरसाठी आणि एकदा तीन नंबरसाठी. रोटरचं तोंड डेल्कोच्या काठावरच्या रेघेकडे असेल तेव्हा ती एकची. चावी चालू. डेल्कोचा क्लॅम्प सैल करून बॉडी हळू फिरवली. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला, उघडला की पेटतो. बरोबर पेटण्याच्या क्षणाला थांबायचं आणि क्लॅम्प आवळायचा. रोटर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणून बॉडी त्याच दिशेला फिरवली की टायमिंग मागं जातं, उलट फिरवली की पुढं. चावी फार वेळ चालू ठेवायची नाही, पॉइंट बंद असतील तर कॉइल आणि पॉइंट दोन्ही तापतात. गंमत म्हणजे हा बल्ब काकांच्या स्कूटरचा निघाला, आणि तो काढल्याबद्दल काकूंनी मला नाही, काकांना झापलं.

संध्याकाळी गाडी चालवून गरम करून आणली, सोमेश्वरपर्यंत जाऊन. मग परत लाइट. आता रेस वाढवत नेली आणि खूण सरकायची थांबली तेव्हा लाल रेघ सांध्याच्या उजवीकडे, अगदी थोडी पुढं गेलेली. म्हणजे तीसपेक्षा जरा कमी, सत्तावीस-अठ्ठावीस. बॉडी उलट दिशेला केसभर. केसभर म्हणते कारण क्रँकची दोन डिग्री म्हणजे डेल्कोची एकच, तो क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. क्लॅम्पचा नट पूर्ण सैल करू नये. हातानं जोर लावून फिरेल एवढाच ढिला ठेवावा, नाहीतर इंजिनाच्या हादऱ्यानं डेल्को स्वतःच फिरतो. लाल रेघ सांध्यावर बसली. नट आवळून परत बघितलं, कारण आवळतानाही हलतं. तीस. रेघ थोडी थरथरत होती, एखाद डिग्री इकडे-तिकडे, ती त्या ढिल्या बुशची.

खूण थांबेपर्यंत रेस करायची, आरपीएमचा नेमका आकडा मिळाला नाही तरी चालतं. वजनं टोकाला गेली की गेली. टॅकोमीटर नसलेल्यांनाही म्हणून हे जमतं. आयडलला आता आठ डिग्री दिसत होती. ती कितीही असली तरी तिच्याकडे बघायचं नाही, हे पटायला मलाही वेळ लागला, कारण आयडलला इंजिन आधीपेक्षा मंद आणि जरा खडबडीत झालं होतं. टायमिंग मागं गेल्यावर ते होणारच. त्याचा इलाज डेल्कोत नाही, कार्ब्युरेटरवर आहे. मोठ्या बायपास स्क्रूनं वेग 850 ते 900 वर आणला, छोट्या स्क्रूनं मिश्रण. तेवढं केल्यावर आवाज पुन्हा गोल झाला.

एक गोष्ट गेली नाही. सिग्नलवरून ॲक्सिलरेटर पटकन दाबला की गाडी अर्धा क्षण श्वास घेते, मग निघते. ती 009 ची ओळखीची खोड आहे, त्याला व्हॅक्यूम नाही म्हणून. चाळीस डिग्रीवर ती झाकली गेली होती, एवढंच. शहरातला तो जोरदार पिकअप आम्ही उधारीवर वापरत होतो.

परीक्षा त्याच घाटात घ्यायची, हे काकांचं म्हणणं. वेगळा घाट, वेगळा भार, मग तुलना कशाशी करणार? म्हणून गाडीत तेवढंच सामान, तेवढीच माणसं, दुपारची वेळ, कसाऱ्याला खाली उतरून वळून परत. तिसरा गिअर, तोच वेग. काका पुढच्या सीटवर काट्यावर डोळे लावून बसले. काटा 100 पार करून 108 ला स्थिरावला आणि घाट संपेपर्यंत तिथंच. मधे एक ट्रक समोर आला म्हणून दुसऱ्या गिअरला यावं लागलं, तेव्हा पंखा जास्त फिरल्यानं दोन डिग्री उतरला उलट. इगतपुरीला प्लग काढून बघितले. तीन नंबरचा अजून बाकीच्यांपेक्षा फिकटच, पण पांढरा नाही, बिस्किटी. बाकीचे तपकिरी.

द्वारकेच्या उस्तादांना पुलीवरच्या खुणा दाखवल्या. त्यांनी लाइट हातात घेऊन स्वतः रेस केली, दोनदा बघितलं आणि म्हणाले, "ताई, पण आयडलला मजा नाही राहिली." नाही राहिली, खरंय. मग त्यांनी कागदाच्या पट्टीबद्दल नीट विचारून घेतलं. एका फियाटच्या पुलीवरच्या खुणा गंजून गेल्यात, तिथं उपयोगी पडेल म्हणाले.

नव्या पॉइंटची फायबरची टाच पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये घासून बसते. मी परत मीटर लावला तेव्हा ड्वेल 48 वरून 51 झाला होता, म्हणजे गॅप कमी, आणि लाइटवर टायमिंग अठ्ठावीस. गॅप परत 0.4, ड्वेल 47, टायमिंग तीस. यापुढं दर ऑइल चेंजला दोन्ही बघायचे, याच क्रमानं. बुश काका त्यांच्या जुन्या सहकाऱ्याकडून टर्न करून आणणार आहेत. शाफ्टचं माप त्यांनी मायक्रोमीटरनं तीन ठिकाणी घेऊन डायरीत लिहून ठेवलंय.